रायफलीला मझल ब्रेक बसवावा का, आणि बसवायचाच तर कोणता : खान्देशातील नव्या परवानाधारकांसाठी

आपल्याकडे सेंटरफायर (ज्यात काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होतो अशा) रायफलीला लोक सर्रास ‘शिकारीची रायफल’ म्हणतात. प्रत्यक्षात तिने शिकार करण्याची मुभा या देशात नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने शिकारीवर बंदी घातली. त्याच अधिनियमाच्या कलम ११ नुसार पिकाला किंवा माणसाला उपद्रवी ठरलेल्या ठरावीक प्राण्याला मारण्याचा लेखी आदेश मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेले अधिकारी देऊ शकतात, पण तो अपवाद आहे. रावेर-यावलच्या केळीत किंवा शहाद्याच्या मक्यात रानडुकरे शिरली म्हणून असा आदेश नसताना कोणी रायफल उचलली, तर तो सरळ गुन्हा ठरतो. त्यामुळे या लेखाचा वाचक म्हणजे वडिलांच्या पश्चात .३१५ किंवा .३०-०६ रायफल रीतसर स्वतःच्या परवान्यावर घेतलेला, ती रेंजवर चालवायला शिकणारा आणि दोन-चार फैरींतच खांदा चोळू लागलेला नवा परवानाधारक, असे मी गृहीत धरतो. अशा माणसाला कोणीतरी हमखास सांगते, “भाऊ, मझल ब्रेक लावून घ्या, धक्का निम्मा होईल.” मझल ब्रेक म्हणजे नळीच्या टोकावर बसवायचे छिद्रे असलेले नळकांडे; ते दारूचा वायू बाजूला वळवून धक्का कमी करते. सल्ला अगदीच खोटा नाही, पण अर्धा आहे. ब्रेक खांद्यावरचा भार कमी करतो आणि तो कानांवर टाकतो, स्वतःच्याही आणि शेजारच्याच्याही. म्हणून निवड करताना ‘कोणता’ हा प्रश्न दुसरा असावा आणि ‘हवा का’ हा पहिला.

पहिली पायरी : कागदपत्रे

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २ मध्ये ‘अग्निशस्त्र’ या शब्दाची व्याख्या बरीच रुंद आहे. गोळी झाडताना होणारा आवाज किंवा नळीच्या तोंडाशी दिसणारा जाळ कमी करण्यासाठी बनवलेली जोडसाधने तिच्यात येतात आणि अग्निशस्त्राचे सुटे भागही येतात. शुद्ध मझल ब्रेक आवाज कमी करत नाही, उलट वाढवतो. मात्र बाजारात ब्रेक आणि फ्लॅश हायडर एकाच तुकड्यात असलेली मिश्र साधने भरपूर असतात, आणि त्यांतील जाळ कमी करणारा भाग या व्याख्येत थेट बसतो. नवख्याने अशा मिश्र वस्तूकडे वळूच नये. परदेशी संकेतस्थळावरून ब्रेक कुरियरने मागवण्याचा विचारही सोडून द्यावा, कारण शस्त्रे आणि त्यांचे भाग आयात करण्यासाठी कलम १० खाली वेगळा परवाना लागतो आणि सीमाशुल्क विभागात अडकलेले पार्सल सोडवण्यापेक्षा त्याचा खुलासा देणे अधिक जड जाते.

नळीला हात लावणे हाही कायद्याचाच विषय आहे. कलम ५ नुसार शस्त्र दुरुस्त करण्याचा किंवा त्यात बदल करण्याचा व्यवसाय परवान्याशिवाय करता येत नाही, आणि कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करता येत नाही. ओळखीच्या लेथवाल्याकडे नळी नेऊन टोकाला आटे पाडून घेणे हा त्यामुळे काटकसरीचा मार्ग नव्हे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत परवाना प्राधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. त्यांच्या कार्यालयात एक साधा अर्ज द्यावा, त्यात रायफलीचा क्रमांक, बसवायच्या भागाचे वर्णन आणि काम करणाऱ्या परवानाधारक शस्त्र-कारागिराचे नाव लिहावे, लेखी उत्तर घ्यावे आणि त्याची प्रत परवान्यासोबत ठेवावी. उत्तर नकारार्थी आले तर विषय तिथेच संपतो, आणि तिसऱ्या पायरीतील उपाय तरीही आपल्या हाती उरतात.

स्पर्धेत उतरायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट आधीच माहीत असलेली बरी. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत रायफलीवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (नळीचे टोक वर उसळू न देणारे साधन) चालत नाहीत. स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, तो प्रकार .२२ या लहान काडतुसाचा आहे; तिथे धक्का इतका सौम्य असतो की ब्रेकची गरजही पडत नाही.

दुसरी पायरी : आपल्याला नेमका त्रास कशाचा आहे हे तपासणे

खांदा दुखणे आणि नेम चुकणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. नेम चुकतो तो बहुधा धक्क्याने नव्हे, धक्क्याच्या धास्तीने. गोळी सुटण्याच्या क्षणभर आधी डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, चाप ओढण्याऐवजी हिसकला जातो आणि गोळी लक्ष्याखाली जाते. हे स्वतःला कळत नाही, म्हणून त्याची एक साधी परीक्षा आहे. रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जोडीदाराने आपल्याला न दाखवता चेंबरमध्ये कधी खरे काडतूस तर कधी सरावाचे रिकामे काडतूस घालावे आणि रायफल आपल्या हाती द्यावी. रिकाम्या काडतुसावर चाप ओढताच फक्त ‘टक्’ असा आवाज येतो, आणि त्या क्षणी नळीचे टोक बोटभर खाली झुकले तर ते बाजूला उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसते. ते झुकत असेल तर दोष रायफलीत नाही, सवयीत आहे. त्या सवयीवर ब्रेक हा उतारा नव्हे. वाढलेल्या आवाजाने ती धास्ती कित्येकदा वाढतेच. अशा माणसाने काही आठवडे .२२ वर सराव करावा.

बारा बोअरच्या बंदुकीचा विचार इथेच संपवतो, कारण गावाकडे परवान्यावर सहसा तीच दिसते. तिच्या नळीच्या तोंडाशी वायूचा दाब रायफलीच्या तुलनेत फारच कमी उरलेला असतो, त्यामुळे ब्रेकला अडवायला फारसे काही मिळत नाही. ठासणीच्या बंदुकीबद्दल तर बोलायलाच नको.

तिसरी पायरी : ब्रेकच्या आधीचे स्वस्त उपाय

आपल्या भागातील पुष्कळ रायफली एका पिढीने दुसऱ्या पिढीला दिलेल्या आहेत आणि त्यांचा दस्ता आजोबांच्या हाताच्या मापाचा असतो. जुन्या दस्त्याच्या टोकाला बऱ्याचदा धातूची पट्टी असते. धक्का तेवढाच असला तरी ती हाडाला लागते. तिच्या जागी सुमारे अडीच सेंटिमीटर जाडीचा चांगला रबरी रिकॉइल पॅड बसवला की तोच धक्का जास्त वेळात आणि जास्त जागेवर पसरतो. पॅड लावताना दस्त्याची लांबी पाहावी. दस्ता कोपराच्या आतल्या घडीत टेकवला असता तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज यायला हवे. कारखान्यातून येणाऱ्या दस्त्याची ही लांबी साधारण ३४ ते ३५ सेंटिमीटर असते. पॅडमुळे ती वाढत असेल तर तेवढे लाकूड कारागिराकडून कमी करून घ्यावे. दुर्बीण बसवलेली असेल तर डोळा आणि काच यांत किमान ८ ते ९ सेंटिमीटर अंतर राहते ना, हेही त्याच वेळी पाहावे. भुवईवर चंद्रकोर उमटलेले नवखे नेमबाज रेंजवर दिसतात, ते या अंतराकडे दुर्लक्ष केल्यामुळेच.

दुसरा उपाय रायफलीचे वजन वाढवण्याचा. किती फरक पडतो ते पुढच्या हिशेबात दिसेल.

चौथी पायरी : ब्रेक काय करतो ते आकड्यांत समजून घेणे

विक्रेत्याच्या दाव्यांपासून वाचायचे असेल तर हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा. .३०-०६ चे एक नेहमीचे काडतूस घेऊ. गोळी ११.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला ८२० मीटर, दारू सुमारे ३.६ ग्रॅम. गोळीचा संवेग, म्हणजे किलोतील वजन गुणिले वेग, झाला ९.६ एकक. जळालेल्या दारूचा वायू गोळीच्या मागोमाग नळीतून बाहेर पडतो आणि त्याचा वेग गोळीहूनही जास्त असतो. तो सेकंदाला साधारण १२५० मीटर धरला तर त्याचा संवेग ४.५ एकक होतो. दोन्ही मिळून १४.१, आणि तेवढाच संवेग उलट दिशेने रायफलीला मिळतो. रायफल ३.८ किलोची असेल तर ती सेकंदाला ३.७ मीटर वेगाने मागे येते आणि खांद्याला सुमारे २६ ज्यूल ऊर्जा झेलावी लागते.

यात पाहण्यासारखी गोष्ट ही की धक्क्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा गोळीचा नसून वायूचा आहे. विहिरीवरची मोटार सुरू असताना रबरी पाइप हातातून सुटला तर तो मागे उसळतो, आणि त्याचे तोंड आडवे केले की तो मागे यायचे सोडून बाजूला ओढू लागतो. ब्रेक नेमके हेच वायूच्या बाबतीत करतो. पुढे जाणाऱ्या वायूला तो छिद्रांतून बाजूला वळवतो आणि त्याच्या भिंतींवर आदळणारा वायू रायफलीला उलट पुढे ढकलतो. गोळीच्या हिश्शाला मात्र कोणताही ब्रेक हात लावू शकत नाही. सगळा वायू बरोबर काटकोनात वळला असे मानले तरी गोळीचे ९.६ एकक उरतातच, म्हणजे खांद्यावर १२ ज्यूल येणारच. त्याहून कमी करायचे तर वायू मागच्या दिशेने, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे वळवावा लागतो. .३०-०६ सारख्या रायफलीत धक्क्याची ऊर्जा ३० ते ५० टक्क्यांनी कमी होणे ही चांगल्या ब्रेकची कामगिरी समजावी. कोणी ऐंशी टक्के सांगू लागला तर त्याची किंमत कान मोजणार आहेत, हे ओळखावे.

आता वजनाचा फरक पाहू. त्याच रायफलीत अर्धा किलो वजन वाढवले, तर तीच ऊर्जा २६ वरून २३ ज्यूलवर येते. फरक थोडा आहे, पण तो बिनआवाजाचा आहे. चांगला पॅड आणि हे वजन मिळून रेंजवरच्या वीस-पंचवीस फैरींपुरते काम बहुतेकांचे भागते, असे माझे मत आहे.

.३१५ च्या बाबतीत हिशेब थोडा वेगळा पडतो. तिची गोळी जड आणि तुलनेने मंद असते, दारूचा वाटा गोळीच्या मानाने कमी असतो, आणि म्हणून ब्रेकचा फायदाही .३०-०६ इतका होत नाही. शिवाय तिच्या बाबतीत एक यांत्रिक अडचण आहे, ती सहाव्या पायरीत सांगतो.

पाचवी पायरी : प्रकार

ढोबळमानाने दोनच प्रकार लक्षात ठेवले तरी चालतात. पहिल्यात नळकांडीच्या सगळ्या बाजूंनी गोल छिद्रे असतात. तो दिसायला सुबक, वजनाला हलका, आणि बसवताना त्याची दिशा जुळवावी लागत नाही. त्याचा तोटा खान्देशात फार जाणवतो : पोटावर झोपून किंवा वाळूच्या पिशवीवरून फैर झाडली की खालच्या छिद्रांतून सुटलेला वायू जमिनीवर आपटतो, आणि मार्च ते मे या काळात वाळलेल्या काळ्या मातीचा असा लोट उठतो की गोळी कुठे लागली हे दिसायला काही क्षण थांबावे लागते. दुर्बिणीच्या काचेवर बसलेली ती बारीक धूळ कोरड्या रुमालाने पुसली तर काचेवर ओरखडे उठतात.

दुसऱ्या प्रकारात डावी-उजवीकडे मोठी आडवी तोंडे असतात, तळ बंद असतो, आणि काहींत नळीचे टोक वर उसळू नये म्हणून माथ्यावर एक-दोन बारीक छिद्रे असतात. धूळ उडत नाही आणि धक्का जास्त कमी होतो. पण बाजूला उभ्या असलेल्या माणसाला हवेचा तडाखा बसतो आणि आवाजाचा जोर तिकडेच वळतो. एकट्याने सराव करणाऱ्यासाठी मी हाच प्रकार सुचवेन. शेजारच्या लेनवर दुसरे नेमबाज असतील तर रेंज अधिकाऱ्यांना आधी विचारल्याशिवाय नाही. नळीतच छिद्रे पाडण्याचा एक तिसराही प्रकार आहे, पण तो परत काढता येत नाही, म्हणून नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

धातू पोलादच निवडावा. ॲल्युमिनियमचा ब्रेक हलका असतो, पण मोठ्या काडतुसाच्या तप्त वायूने त्याच्या कडा झिजतात. टायटॅनियम उत्तम, पण महाग आहे आणि त्या पैशांत बरीच काडतुसे येतात.

सहावी पायरी : माप

जिवाशी गाठ आहे ती इथे. ब्रेकमधून गोळी जाण्याचे भोक गोळीच्या व्यासापेक्षा साधारण अर्ध्या मिलिमीटरने मोठे असते. .३०-०६ च्या गोळीचा व्यास ७.८२ मिलिमीटर, म्हणून तिच्या ब्रेकचे भोक ८.३ मिलिमीटरच्या आसपास असायला हवे. .३१५ ची गोळी त्याहून जाड असते. ‘तीस कॅलिबरचा’ म्हणून विकला जाणारा ब्रेक .३१५ वर चढवला तर गोळी ब्रेकच्या भिंतीला घासू किंवा आदळू शकते, आणि मग ब्रेक फुटून त्याचे तुकडे उडण्याचाही धोका असतो. म्हणून ‘जवळपास सारखेच आहे’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकून घेऊ नये. गोळी आणि भोक दोन्ही व्हर्नियर कॅलिपरने आपल्यासमोर मोजून घ्यावीत.

दुसरे माप आट्यांचे. तीस कॅलिबरच्या अमेरिकी रायफलींवर पाच-अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला २४ आटे हे माप रूढ आहे. युरोपीय रायफलींवर १४, १५ किंवा १८ मिलिमीटर व्यास आणि एक मिलिमीटरचा पिच, म्हणजे लगतच्या दोन आट्यांतील अंतर, आढळतो. भारतीय आयुध निर्माणीच्या जुन्या रायफलींच्या टोकाला सहसा आटे नसतातच. आटे नव्याने पाडायचे तर ते नळीच्या पोकळीच्या मध्याशी तंतोतंत समकेंद्री हवेत, नळीच्या बाहेरच्या पृष्ठभागाशी नव्हेत, कारण पोकळी नेहमी बाहेरच्या गोलाईच्या बरोबर मध्यात असतेच असे नाही. .३१५ ची यांत्रिक अडचण हीच : तिची पुढची माशी, म्हणजे फोरसाइट, नळीच्या टोकाजवळ असते. आट्यांसाठी ती मागे सरकवावी लागते आणि मग सगळी शिस्त, म्हणजे नेम आणि गोळी लागण्याची जागा यांची जुळणी, नव्याने बांधावी लागते. स्क्रूने आवळून बसवायचे ब्रेकही मिळतात, पण स्क्रू सैल पडून ब्रेक किंचित जरी तिरपा झाला तरी गोळी त्याला लागते. माझा कल स्पष्ट आहे : .३१५ वर ब्रेक बसवू नये, पॅडवर भागवावे.

सातवी पायरी : बसवून घेणे आणि पहिली तपासणी

काम परवानाधारक कारागिराकडेच द्यावे आणि रायफल त्याच्याकडे सोपवताना पावती घ्यावी. काम झाल्यावर त्याला नळीतून नेमक्या मापाची सरळ पोलादी सळई घालून दाखवायला सांगावे. सळई ब्रेकच्या भोकातून बाहेर येते तेव्हा तिच्या भोवतीची मोकळी फट चारही बाजूंनी सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला फट बारीक आणि दुसऱ्या बाजूला रुंद दिसली, तर ती रायफल रेंजवर नेऊ नये. पैसे दिले असले तरी काम परत करून घ्यावे. बाजूला तोंडे असलेला ब्रेक असेल तर ती तोंडे बरोबर आडवी आहेत हे पाणसळीने पाहावे, कारण थोडा फिरलेला ब्रेक रायफलीला तिरपे ढकलतो.

आठवी पायरी : कान

“ब्रेक लावला म्हणजे आवाजही कमी होत असेल ना?” हा प्रश्न नवे लोक विचारतात, कारण चित्रपटांत नळीच्या टोकाला काही लावले की आवाज जातो. प्रत्यक्षात साध्या रायफलीचाच आवाज १५५ ते १६५ डेसिबलच्या घरात असतो, आणि अशा क्षणिक आवाजासाठी धोक्याची पातळी १४० डेसिबल मानली जाते. ब्रेक नेमबाजाच्या कानाशी त्यात आणखी ५ ते १० डेसिबलची भर घालतो. डेसिबलची मोजपट्टी सरळ बेरजेची नाही. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची तीव्रता दहापट होते. एका फैरीनेही कानाच्या आतल्या पेशी कायमच्या जाऊ शकतात, आणि गेलेल्या पेशी परत येत नाहीत. म्हणून ब्रेक असलेल्या रायफलीबरोबर कानात फोमचे बोळे आणि त्यावर मफ (पूर्ण कान झाकणारे कवच) असे दोन्ही एकदम वापरावेत. बोळा बोटांनी वळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर ओढून तो आत सरकवावा आणि फुगेपर्यंत धरून ठेवावा. अर्धवट खोचलेला बोळा कामाचा नाही. सोबत आलेल्यांनाही तेच द्यावे आणि त्यांना बाजूला नव्हे, आपल्या मागे चार पावलांवर उभे करावे. वनविभागाच्या आदेशावरून शेतात जावे लागलेच तर सोबत वनरक्षक, शेतमालक, त्याची पोरे आणि कुत्रा असा सगळा लवाजमा असतो, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही कानाला मफ नसतो. अशा कामासाठी ब्रेक काढूनच जावे.

मात्र तो काढल्यावर शिस्त बदलते. नळीच्या टोकावर ६० ते १५० ग्रॅम वजन असले किंवा नसले, की नळीचे कंपन वेगळे होते आणि गोळी वेगळ्या जागी लागते. म्हणून रेंजवर ब्रेकसह पाच आणि ब्रेकविना पाच गोळ्या एकाच कागदावर झाडून दोन्ही पुंजक्यांतील अंतर मोजावे आणि ते वहीत लिहून ठेवावे. हीच चाचणी एकदा थंडीत आणि एकदा उन्हाळ्यात करावी. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, गाडीच्या डिकीत ठेवलेली काडतुसे त्याहूनही तापतात, आणि तापलेल्या दारूचा दाब वाढतो. काडतुसे सावलीतच ठेवावीत, हे ब्रेक असो वा नसो.

यानंतर उरते ती देखभाल. दर सरावानंतर ब्रेक घट्ट आहे का ते पाहावे, आतल्या भिंतींवर साचलेली काजळी ब्रशने काढावी, आणि नळी पुसताना सॉल्व्हंट ब्रेकमध्ये साचून राहणार नाही याची काळजी घ्यावी. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करण्याचा आदेश आला, तर ब्रेक रायफलीवर आहे की काढलेला आहे याची नोंद पावतीवर करून घ्यावी, आणि परत घेताना ती पावती समोर ठेवून आटे आणि भोक पुन्हा एकदा तपासल्याशिवाय त्या रायफलीत काडतूस घालू नये.